पारा, गंधक आणि अरुंधतीची पाटली

माझा स्वभाव संशयी नाही. मी क्वालिटीत आहे, एवढंच. चाकणच्या एका कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग बनतात आणि ते बाहेर पडण्याआधी त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचा मला पगार मिळतो. समोर आलेला तुकडा चांगलाच असणार असं धरून चालणारा माणूस आमच्या खात्यात टिकत नाही. ही सवय संध्याकाळी कंपनीच्या गेटवर ठेवून येता येत नाही, अशी माझी बायको अरुंधती हिची तक्रार आहे. भाजीवाल्याचा काटा, दुधाची पिशवी आणि तिच्या माहेरची माणसं या तिन्हींकडे मी एकाच नजरेने पाहतो, असं ती म्हणते. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत.

तिच्या माहेरचं माणूस म्हणजे सध्या तिचे वडील, उद्धवराव. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते संत तुकाराम नगरात आमच्याकडे राहायला आले आहेत. आमची मुलगी ऋचा शिकायला बंगळुरूला असते, तिची खोली त्यांना दिली. त्या खोलीच्या दारामागे ऋचाने दहावीत असताना लावलेला आवर्तसारणीचा तक्ता अजून तसाच आहे. अण्णा पडल्या पडल्या तो वाचतात. दुपारी त्यांना डोळा लागायचा तर हायड्रोजनपासून निघून साधारण जस्तापर्यंत जावं लागतं.

अण्णांनी येताना आपलं बीपीचं मशीन आणलं होतं. जुन्या पद्धतीचं, पत्र्याच्या डब्यातलं, झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहते आणि तिच्यात पारा चढतो. ते ज्या कंपनीच्या दवाखान्यात भांडार सांभाळत, तिथून निवृत्त होताना त्यांना ते भेट मिळालं होतं. आमच्याकडे बॅटरीवर चालणारं मशीन होतंच. भानगड अशी झाली, की दोन्ही यंत्रांचं पटेना. बॅटरीच्या मते अण्णांचं ब्लड प्रेशर चांगलंच वाढलेलं होतं. पाऱ्याच्या मते ते अगदी ठीक होते आणि त्यांना लोणचं चालत होतं. अरुंधती बॅटरीच्या बाजूने आणि अण्णा पाऱ्याच्या बाजूने, असे रोज जेवताना दोन पक्ष पडू लागले.

क्वालिटीतल्या माणसाच्या घरात दोन मापनयंत्रं दोन आकडे दाखवतात, ही गोष्ट मला सहन होण्यासारखी नव्हती. एका शनिवारी दुपारी अण्णा जस्ताच्या पलीकडे पोचले आहेत असं पाहून मी तो डबा जेवणाच्या टेबलावर घेतला. उद्देश एवढाच होता, की नळी साफ करावी, पारा शून्यावर आहे का पाहावं आणि निकाल लावावा. डब्याच्या तळाशी काही शिक्का आहे का हे बघायला मी तो उलटा केला. पाऱ्याची कोठी बंद करायचा एक खटका असतो, हे मला त्यानंतर कळलं.

पारा सांडताना पाहिला नसेल तर सांगतो. पाणी सांडलं की ते पसरतं आणि आपली चूक कबूल करतं. पारा कबूल करत नाही. तो फुटतो, त्याच्या शंभर गोळ्या होतात आणि प्रत्येक गोळी आपण त्या गावचेच नाही अशा थाटात वेगळ्या दिशेने चालू लागते. टेबलाला मधोमध जोड आहे, त्या फटीत काही गेल्या. काही खाली उतरून फरशीच्या सांध्यांतून फ्रिजकडे निघाल्या.

नेमकी त्याच वेळी अरुंधती खोलीतून बाहेर आली. खालच्या मजल्यावर शालनबाईंच्या सुनेचं, साधनाचं, डोहाळजेवण होतं. पैठणी, गजरा, हातात पाटल्या अशी तयार होऊन ती निघाली होती. तिने टेबल पाहिलं, मला पाहिलं आणि आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. मग पदर खोचला आणि लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याने गोळ्या हाकत हाकत औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरल्या. मला तिने हात लावू दिला नाही. आवाजाने अण्णा उठून काठी टेकत आले, बाटलीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे लोणचं बंद."

मी हे मुद्दाम केलं असा त्यांचा तेव्हापासून संशय आहे. तो त्यांनी बोलून दाखवला नाही. आम्हा संशयी माणसांना मात्र तो दिसतो.

अरुंधती हात धुऊन घाईने खाली गेली आणि आठ दिवस आमच्या घरात जे काही झालं त्याची सुरुवात तिथे झाली. शालनबाई म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव यांच्या मिसेस. मूळचे इथले. चाकणकडच्या त्यांच्या जमिनीवर आता गोदामं आहेत, आणि सोन्याची पारख हा शालनबाईंचा खास विषय. साधनाची ओटी भरायला अरुंधतीने हात पुढे केला, तेव्हा शालनबाईंनी तो मध्येच धरला. उजव्या हातातल्या पाटलीवर रुपयाएवढा पांढराशुभ्र डाग होता. शालनबाईंनी पदराने घासून पाहिला. गेला नाही, उलट जास्त चकाकला. मग सोसायटीतल्या तमाम बायकांसमोर त्यांनी मायेने विचारलं, "वहिनी, ही पाटली कुटली म्हनायची? वरचं पानी उडालंय का काय?"

पाटल्या माझ्या आईच्या. तिच्याकडे एकाच घडणीच्या चार होत्या. दोन तिने लग्नात अरुंधतीच्या हातात घातल्या, दोन स्वतःकडे ठेवल्या. अरुंधती घरी आली, तिने पाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, की ती काहीच म्हणत नाहीये. बायको काहीच म्हणत नाहीये असं म्हणते, तेव्हा नवऱ्याने काय समजायचं ते सांगायला नको. इतकी वर्षं आपण चांदीला मुलामा दिलेल्या पाटल्या मिरवल्या आणि ते खालच्या मजल्याला आपल्याआधी कळलं, हे तिला लागलं होतं.

मला मात्र यात काम दिसलं. डाग आहे म्हणजे दोष आहे, दोष आहे म्हणजे तपासणी आली. मी कंपनीतून चुंबक आणलं. पाटली चिकटली नाही. पण चुंबकाला चांदी, तांबं, पितळ यांपैकी काहीच चिकटत नाही, त्यामुळे पाटली लोखंडाची नाही एवढंच सिद्ध झालं आणि तसा आरोप कोणी केलेला नव्हता. फरशीवर आपटून नाद पाहिला. नाद चांगला होता; तो ऐकून अरुंधती आतून आली, आणि ती जे बोलली त्यालाही नाद होता. मग बॅटरीचा सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब जोडून वीज वाहते का पाहिलं. बल्ब लागला. म्हणजे पाटली धातूची आहे. पण शाळेतलं आठवलं, की अधातू असून ग्रॅफाइटमधूनही वीज वाहते. धातूला चकाकी असते, पण आयोडीनलाही असते. धातू स्थायू असतात, अपवाद पारा. ज्या नियमांना इतके अपवाद आहेत, तसले नियम मी माल म्हणून गेटमधून आत घेतले नसते.

शेवटी घनता काढायची ठरवलं. अरुंधतीने डाएटसाठी आणलेल्या काट्यावर पाटली तोलली, काठोकाठ भरलेल्या पेल्यात सोडली, सांडलेलं पाणी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजलं आणि गणित केलं. अण्णांना उठवून दारामागचा तक्ता पाहिला. सोन्याची घनता एकोणीसच्या वर. माझं उत्तर दोनच्या आसपास. तक्त्यात शोधता शोधता त्या आकड्याला अगदी जवळचं असं एकच सापडलं, ते म्हणजे गंधक.

माझ्या आईने सुनेला गंधकाच्या पाटल्या घातल्या, असा अहवाल मी अरुंधतीला देऊ शकलो नाही. सोन्याचा चौकोन मी चांगला दोनदा वाचला. त्याला चिकटून शेजारच्याच चौकोनात पारा बसलेला होता. तिकडे मी पाहिलंही नाही. मला सोन्याची माहिती हवी होती आणि शेजाऱ्यांच्या चौकशा मी करत नाही.

त्याऐवजी मी आईला फोन केला. आई, म्हणजे इंद्रायणीबाई, थोरल्या भावाकडे प्राधिकरणात असते. मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, गुडघे विचारले आणि सहज आठवल्यासारखं करून विचारलं, की त्या पाटल्या कुठल्या सोनाराने केल्या होत्या गं. 

"श्याम," ती म्हणाली, "तुला विचारायचंय की तिला?"

मी म्हटलं, कुणालाच नाही. तिने फोन ठेवला.

इकडे बाटलीचं काय करायचं हा प्रश्न होता. सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी बाटली घेऊन खाली गेलो. गाडीवरच्या माणसाने विचारलं, ओला की सुका. प्रश्न साधा होता, पण मी अडखळलो. पारा द्रव आहे म्हणावा तर ओला, पण तो कशालाच ओलं करत नाही. काचेवरून घरंगळतो आणि काच कोरडीच राहते. मी हे त्याला समजावून सांगू लागलो. त्याने बाटली हातात घेतली, तिच्या वजनाने त्याचा हात खाली गेला आणि त्याने ती तशीच मला परत दिली. एवढ्याशा बाटलीत एवढं वजन असलेला कचरा लोक टाकून देत नाहीत, असं त्याचं म्हणणं पडलं.

मग मी रजा टाकून एका कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, कारण तिथे पुन्हा काम पडू शकतं. पहिल्या टेबलावर विचारलं, पारा कारखान्यातला की घरातला. घरातला म्हटल्यावर, घरात पारा असत नाही असं कळलं. दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ जरा शास्त्रीय होते. धातू असेल तर भंगाराचा विषय, द्रव असेल तर ड्रेनेजचा, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि मी नक्की कुठे काम करतो ते विचारून घेतलं. बाटली खिशात टाकून मी परत आलो. तिच्या वजनाने पँट एका बाजूला ओढली जात होती आणि मला उगाचच चोरासारखं वाटत होतं.

जिन्यात अर्जुनराव उभे होते. ते एरवी जिन्यात उभे राहत नाहीत.

"देवस्थळीसाहेब, गाडीत टाकाया नेलेलं परत वर घिऊन गेला म्हनं," ते म्हणाले. "मंग त्यात कायतरी हाय."

मी सांगितलं की पारा आहे, अण्णांच्या बीपीच्या मशीनमधला.

"व्हय, तेच म्हनत्यात समदी." त्यांनी आवाज उतरवला. "पांढरा का लाल?"

लाल पारा नावाची काहीतरी वस्तू कोटीच्या भावाने विकली जाते, असा मेसेज त्यांच्या मोबाइलवर कधीतरी आलेला होता. मी हसलो. तेच चुकलं. खरं सांगणारा माणूस हसत नाही, अशी त्यांची समजूत असावी. आमाला न्हाई सांगायचं तर नका सांगू, पन कमिटीच्या कानावर घालायला पायजे, असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली, की सभासदांनी सदनिकेत मौल्यवान व ज्वालाग्राही द्रव्ये साठवू नयेत. नाव कुणाचंच नव्हतं. पण ती लावताना चिकटपट्टी मागायला त्यांचा माणूस आमच्याकडेच आला.

यात अण्णांनी भर घातली. फटीत गेलेल्या पाऱ्यावर गंधकाची पूड टाकतात, म्हणजे तो उडत नाही, असं त्यांनी सांगितलं. दवाखान्यात त्यासाठी एक डबाच असे. पिंपरीतल्या दोन दुकानांत मी गंधक मागितलं. दोन्ही दुकानदारांनी कशाला म्हणून विचारलं, मी पाऱ्यावर टाकायला म्हटलं आणि दोघांनीही संपलं असं सांगितलं. तिसऱ्या दुकानात जायचा धीर झाला नाही.

चाकणला कांद्याच्या मार्केटजवळ खतं-औषधांचं दुकान आहे. तिथे गंधक उघड मिळतं, कारण ते पिकाला घालतात. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गेलो. पीक कुठलं, असं दुकानदाराने आपुलकीने विचारलं. मी कांदा म्हटलं. रोगाची लक्षणं विचारली, तेव्हा मी पांढरा डाग सांगितला, कारण डोक्यात तोच होता. मग त्याने विचारलं, शेत कुठल्या शिवारात. माझ्या तोंडून निघून गेलं, संत तुकाराम नगर, दुसरा मजला. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली. सुटं देत नाही म्हणाला. मला दोन चमचे हवे होते. तीन किलो घेतलं.

कंपनीच्या गेटवर बॅग तपासली जाते. आत शिरताना पिवळी पूड सापडली तेव्हा सुरक्षावाल्याने मला बाजूला घेतलं. ज्या गेटवर मी आजवर दुसऱ्यांचा माल अडवला, तिथे मला खुर्चीवर बसवून ठेवण्यात आलं. माझ्याच हाताखालची पोरं शिफ्ट संपवून समोरून गेली, आणि त्यांनी मला नमस्कारही जरा जपून केला. शेवटी आमच्या मॅनेजरने येऊन मी कांद्याचा शेतकरी आहे असं लिहून दिलं, कारण खरं कारण त्याला मी तीनदा सांगूनही पटलं नव्हतं. बसमध्ये शेजारी कुणी बसलं नाही. पिशवी एका कोपऱ्यात फाटली होती.

घरी येऊन टेबलाच्या फटीत आणि फरशीच्या सांध्यांत मी गंधक भरलं. अरुंधतीने ते पाहिलं. गेले काही दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती आणि कामं कमी झाली होती. दुसरी, बिनडागाची पाटलीही तिने काढून कपाटात टाकली होती. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या, आणि खाली जायची वेळ आली की ती पदराखाली हात घेई. हे मी पाहत होतो. त्यावर काय करायचं ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

ती खुर्चीवर बसली. खाली शालनबाई काय म्हणतात ते तिने सांगितलं. त्यांच्या आजोळी म्हणे एक बैरागी आला होता. पारा आणि गंधक घेऊन तो घराघरांतलं सोनं दुप्पट करून द्यायचा, आणि तो गेल्यावर लोकांच्या हाती पांढरे तुकडे उरले. आता आमच्याकडे पाऱ्याची बाटली आहे, गंधकाचा वास जिन्यापर्यंत येतो आणि सोनं पांढरं झालेलं आहे. सोसायटीने बेरीज केली होती.

"अहो, एक विचारू?" अरुंधती म्हणाली. "राग मानू नका. तुम्ही त्या पाटल्यांचं खरंच काही केलं नाहीत ना?"

मी आजवर शेकडो माणसांना असा प्रश्न विचारला असेल. तो कुणी आपल्याला विचारला की कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी नाही म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

रविवारी सकाळी आई आली. एकटी, रिक्षाने, न कळवता. तिने पाणी घेतलं नाही. अण्णांना नमस्कार केला, जेवणाच्या टेबलाशी बसली आणि डाग पडलेली पाटली मागवली. अरुंधतीने ती आणून ठेवली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. तेवढ्यात बेल वाजली आणि अर्जुनराव व शालनबाई आत आले. कमिटीतर्फे पाहणी, असं अर्जुनराव म्हणाले. शालनबाई कुणातर्फेच आल्या नव्हत्या, त्या बघायला आल्या होत्या.

आईने स्वतःच्या हातातली पाटली काढली. बोटांची पेरं सुजलेली, त्यामुळे ती निघायला वेळ लागला. "एका सोन्याच्या, एका दिवशी केलेल्या," ती म्हणाली, आणि ती अरुंधतीच्या पाटलीशेजारी ठेवली. एक पिवळीधमक, एक डागाळलेली. तुलनेत अरुंधतीची जास्तच वाईट दिसू लागली. आईच्याही ते लक्षात आलं. ती जे सिद्ध करायला आली होती त्याच्या उलटंच टेबलावर दिसत होतं. तिचा चेहरा असा उतरला की अरुंधतीने चटकन तिच्या पाठीवर हात ठेवला. आठ दिवसांत मी पाहिलेली ती पहिली चांगली गोष्ट.

अण्णांना मात्र हा प्रकार सहन झाला नाही. आपल्या मशीनवरून एवढं रामायण चाललंय तर ज्याला पाहायचं त्याने पारा पाहून घ्यावा, म्हणून त्यांनी कपाटावरची बाटली आणून, टोपण काढून अर्जुनरावांच्या हाती दिली. लाल आहे का बघा, म्हणाले. अर्जुनरावांनी ती औषधाची बाटली धरावी तशी दोन बोटांत धरली. त्या वजनाची त्यांना कल्पना नव्हती. बाटली निसटली, टेबलावर आडवी झाली आणि चांदीचा ओघळ सरळ आईच्या पाटलीवर गेला. अर्जुनरावांनी तो अडवायला पंजा आडवा धरला. त्यांच्या बोटात चांगली जाडजूड, पुष्कराजाची अंगठी होती.

आईची पाटली आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पांढरी झाली. पिवळं होतं तिथे पांढरं सरकत गेलं.  सगळ्यांनी आधी ती पाटली पाहिली, मग अरुंधतीची पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात शालनबाईंचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे गेलं. त्यांनी तो मनगटाला धरून खिडकीच्या उजेडात नेला. अंगठी अर्ध्यापर्यंत चांदीसारखी झाली होती.

"आन् ही," त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "कुटनं आनली व्हती तुमी?"

अर्जुनराव पाऱ्याबद्दल बोलू लागले. पारा सोन्याला लागला की असं होतं, हे आत्ता सगळ्यांनी बघितलंय, असं ते परोपरीने सांगत होते. आठ दिवसांत हे वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. शालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण हात सोडला नाही.

अण्णा म्हणाले, दवाखान्यातल्या नर्सबाई थर्मामीटर झटकण्याआधी अंगठ्या काढून ठेवायच्या ते यासाठीच असणार. त्यांना इतकी वर्षं वाटायचं, की अंगठ्या सैल असतील. मी त्यांना विचारलं, हे आधी का नाही बोललात. ते म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही धातूतले."

 मी धातूतला आहे ते खरं, पण ब्रेकमध्ये सोनं घालत नाहीत.

उरलेल्या गोष्टी अरुंधतीने केल्या. पुन्हा खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेरच्या खोलीत काढलं, पारा आधीसारखाच गोळा केला. मग अण्णांचं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलला फोन लावला. त्यांच्याकडे असल्या वस्तू न्यायला खास गाडी येते, बाटली आणि मशीन दोन्ही आणून द्या, असं त्यांनी सांगितलं. फोन संपायला जेमतेम चहा उकळण्याइतका वेळ लागला.  

दुपारनंतर आम्ही सगळे चिंचवडगावात सोनाराकडे गेलो. त्याने तिन्ही वस्तू पाहिल्या, आम्हाला चारचौघांत झापलं, विषारी वाफ असते म्हणून दुकानाबाहेर उभं केलं आणि आत धुराड्याखाली त्या तापवल्या. शालनबाईंनी अंगठीचा कसही बघायला सांगितला. त्यासाठी अर्जुनराव सोनाराबरोबर मागच्या खोलीत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी एकदम चोख हाय असं जाहीर केलं. सोनार चष्मा पुसत होता. अर्जुनराव त्यानंतर मला फार अदबीने वागवतात, आणि फलकावरची ती सूचना त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. मी त्या खोलीत नव्हतो. मला काही माहीत नाही.

पॉलिश होऊन दोन पाटल्या काउंटरवर आल्या तेव्हा त्या हुबेहूब सारख्या दिसत होत्या. पिवळ्या, झगझगीत, डागाचा मागमूस नाही. अरुंधती त्यातली एक उचलून निरखू लागली.

"आई, ही तुमची असावी," ती म्हणाली.

"कशावरून?" आईने विचारलं.

अरुंधतीने पुन्हा पाहिलं. सोनाराकडे पाहिलं. त्यालाही सांगता येईना.

"मग राहू दे," आई म्हणाली. तिने न बघता दुसरी उचलली आणि सुजलेल्या पेरांवरून हळूहळू आत सरकवली. ती मध्ये अडली तेव्हा अरुंधतीने तिचा हात आपल्या हातात घेतला आणि थोडं तेल मागून ती नीट बसवून दिली. मग आईने अरुंधतीचा हात ओढला आणि उरलेली तिच्या हातात घातली. रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या आवाजात त्या दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण अरुंधती हसली आणि तिने डोळे पुसले.

परत येताना रिक्षात मी दोघींच्या मध्ये बसलो होतो. दोन्ही पाटल्या माझ्या नजरेसमोर, दोन्ही बाजूंना. उजवीकडची मला किंचित फिकी वाटत होती. खरंच फिकी होती, की उन्हाचा कोन वेगळा होता, ते नक्की करायला एक मिनिट पुरलं असतं. दोघींना हात जवळ आणायला सांगायचं, एवढंच. मी मान वर केली आणि घर येईपर्यंत रिक्षावाल्याच्या मीटरकडे बघत बसलो. तो जरा जास्तच पळत होता.